आरोग्य समितीवर नाव लागलंय? पहिल्या तीन महिन्यांत काय करायचं

ग्रामपंचायतीची निवडणूक झाली, सरपंच-उपसरपंच बसले, की समित्यांची नावं भरायची वेळ येते. पाणीपुरवठ्यावर ओढाताण होते, तंटामुक्तीवर रुसवेफुगवे होतात. आरोग्याची समिती आली की सगळे एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी म्हणतं, "हिच्यावर वहिनींना घ्या." माझं नाव असंच लागलं. 'ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती' हे पूर्ण नाव न अडखळता म्हणायलाच मला महिना लागला. पुढची पाच वर्षं त्या समितीत काढली. पहिल्या आठवड्यात कुणी सांगितलं असतं तर माझे निदान दोन उन्हाळे वाचले असते, अशा गोष्टी इथे लिहिते आहे. तुम्ही नव्याने निवडून आला असाल, बचत गटातून समितीवर गेला असाल किंवा शहर सोडून गावी राहायला आला असाल, तरी उपयोग होईल.

आधी दोन मोठे शब्द

प्रशिक्षणात तुम्हाला 'प्राथमिक आरोग्य सेवा' आणि 'सार्वत्रिक आरोग्य संरक्षण' हे शब्द ऐकवले जातील. घाबरू नका. सार्वत्रिक आरोग्य संरक्षण म्हणजे गरजेचा उपचार प्रत्येकाला मिळावा आणि त्यापायी कुणाला दागिना गहाण टाकावा लागू नये. प्राथमिक आरोग्य सेवा म्हणजे त्यातला घराजवळचा, रोजचा भाग: लस, गरोदरपण, ताप, खोकला, बीपी, शुगर.

ही कल्पना नवी नाही. 1946 सालच्या भोर समितीने खेडोपाडी प्राथमिक आरोग्य केंद्रं उभारायची शिफारस केली. 1978 साली तेव्हाच्या सोव्हिएत कझाकस्तानातल्या आल्मा-आता इथे जगभरच्या सरकारांनी '2000 सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य' असं ठरवलं. 2000 साल आलं आणि गेलं. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातून आशाताई आल्या आणि आपली ही समितीही. 2018 मध्ये आयुष्मान भारत आलं, त्याला दोन पाय: उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं करणं, आणि 5 लाखांच्या उपचारांचं कार्ड. 2023 च्या अखेरीस आरोग्यवर्धिनीचं नाव 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं. पाटी बदलली म्हणून दुसरंच काही आलंय असं समजू नका, ते तुमचं जुनंच उपकेंद्र आहे.

या दोन पायांपैकी गावात चर्चा असते ती कार्डाची. शिबिर कार्डाचं, फ्लेक्स कार्डाचा, फोटोही कार्ड वाटतानाचा. माझं मत तुम्हाला आवडेल न आवडेल, पण कार्ड लागतं ते दवाखान्यात भरती झाल्यावर. भरती व्हायची पाळी येऊ नये म्हणून जे करायचं ते उपकेंद्रात होतं. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच लिहिलंय की सरकारी आरोग्य खर्चातला दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त वाटा प्राथमिक सेवेवर जावा. समितीचं खरं कामही तिथलंच आहे.

पायरी 1: उतरंड वहीत काढा

एक शंभरपानी वही घ्या. पहिल्या पानावर आपलं उपकेंद्र कोणतं, त्यावरचं प्राथमिक आरोग्य केंद्र (सगळे पीएचसी म्हणतात) कोणतं, त्यावरचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, ते लिहा. सोपं वाटतं, पण आमच्या गावच्या दोन वाड्या वेगळ्या उपकेंद्राला जोडलेल्या आहेत हे मला सहा महिन्यांनी कळलं. तिथल्या बायका आमच्या उपकेंद्रात येत आणि त्यांची नावं कुठल्याच रजिस्टरला नीट लागत नसत.

निकष असा आहे: सपाटीला 5,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात 3,000 मागे. पीएचसी अनुक्रमे 30,000 आणि 20,000 मागे, ग्रामीण रुग्णालय 1,20,000 आणि 80,000 मागे. तुमच्या उपकेंद्राखाली किती गावं-वाड्या आणि किती लोक येतात ते आरोग्य सेविकेला विचारा. आकडा निकषाच्या बराच पुढे असेल तर ती सेविका दुपारी तीनलाच का दमलेली दिसते, याचं उत्तर तिथेच मिळेल.

आता एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. उपकेंद्र आणि पीएचसी जिल्हा परिषदेकडे असतात: वर तालुका आरोग्य अधिकारी, त्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय हे राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे: तिथे वैद्यकीय अधीक्षक आणि वर जिल्हा शल्य चिकित्सक, म्हणजे सिव्हिल सर्जन. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय असेल तर ते आणखी तिसऱ्याच खात्याचं, वैद्यकीय शिक्षणाचं. मी पहिला अर्ज एका रुग्णालयाबद्दल केला आणि तो दिला जिल्हा परिषदेत. दोन महिन्यांनी 'सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही' असं एका ओळीचं उत्तर आलं. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

पायरी 2: उपकेंद्रात एक सकाळ नुसतं बसा

तपासणीला आल्यासारखं जाऊ नका. चार बायका बसल्यात तिथे बाकावर बसा. पहिल्या दिवशी प्रश्न कमी, बघणं जास्त.

उपकेंद्रात साधारण तीन माणसं भेटतात. आरोग्य सेविका, म्हणजे एएनएम, हिला गाव 'नर्सबाई' म्हणतं. आरोग्य सेवक, म्हणजे एमपीडब्ल्यू, रक्ताचे नमुने, पाण्याचे नमुने, डासांच्या अळ्या हे त्याच्याकडे. आणि समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ. हे पद 2018 नंतरच्या सुधारणेतलं. महाराष्ट्रात सीएचओ बहुतेक ठिकाणी बीएएमएस डॉक्टर किंवा बीएस्सी नर्सिंग झालेले असतात, कंत्राटी असतात, आणि त्यांच्या मोबदल्याचा एक भाग कामगिरीवर ठरतो. त्यामुळे त्यांना दिवसातला बराच वेळ मोबाइलमध्ये आकडे भरण्यात घालवावा लागतो. "मॅडम सारख्या मोबाइलवर असतात" ही तक्रार तुमच्याकडे येणारच, तेव्हा हे आठवा.

दुसरी हमखास तक्रार, "उपकेंद्र बंद असतं." कुलूप दिसलं की लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. सेविका लसीकरणाला वाडीवर गेलेली असू शकते. महिनाभर कुणी कुठल्या दिवशी कुठे जायचं हे आधीच ठरतं, त्याला आगाऊ फिरती कार्यक्रम म्हणतात. त्याची प्रत मागा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. मग बंद दार आणि फिरती यांचा मेळ बसतो का ते गाव स्वतःच बघेल. आमच्याकडे हा कागद लागला आणि 'बंद असतं' म्हणणाऱ्यांपैकी निम्मे गप्प झाले. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं बरोबर होतं. कुलपाची किल्ली एकाच माणसाकडे होती आणि तो माणूस आठवड्यातून दोनदा बैठकीला तालुक्याला जात होता. दुसरी किल्ली करून ती शेजारच्या अंगणवाडीत ठेवली. खर्च आला कुलूपवाल्याचा तेवढाच. ही सुधारणा कुठल्या शासन निर्णयात सापडायची नाही.

लसीकरणाच्या दिवशीही एकदा जा. लस उपकेंद्रात साठवत नाहीत. ती पीएचसीच्या आयएलआर नावाच्या खास फ्रिजमध्ये 2 ते 8 अंश तापमानाला असते आणि सकाळी बर्फाच्या पॅकसह निळ्या डब्यातून येते. काही लसींच्या कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन छापलेला असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असला तर लस चांगली. चौकोन गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला तर कुपी उष्णतेने गेली, वापरायची नाही. सेविकेला विनंती केली तर ती दाखवते, आणि मला तर तिने फार कौतुकाने दाखवली. "पंधरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ताई," म्हणाली. लस उशिरा आली, डबा उन्हात राहिला, असं काही असेल तर त्याच दिवशी कळतं.

पायरी 3: गोळ्या मोजा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या आळीतले एक तात्या, वय सत्तरीच्या आसपास, बीपीचे पेशंट. दर दहा दिवसांनी काठी टेकत उपकेंद्रात जात. एकदा वाटेत भेटले तेव्हा विचारलं.

"तात्या, परवाच तर गेला होतात ना?"

"गेलतो की. धाच दिवसाच्या दिल्या. मॅडम म्हनल्या, साठा कमी हाय, समद्यास्नी पुरवाया पाहिजे."

"मग मधे संपल्या तर?"

"मग काय, एक दिवसाआड खातो."

एक दिवसाआड बीपीची गोळी! आता यात तात्यांना काय बोलणार? एकेकाला दहाच देऊन सगळ्यांना पुरवणारी सीएचओसुद्धा आपल्या परीने न्यायच करत होती.

मी साठा रजिस्टर बघायला मागितलं. त्यात तीन रकाने महत्त्वाचे: आवक, खर्च, शिल्लक. उपकेंद्रात बीपीचे 60 पेशंट नोंदलेले होते. रोज एक गोळी धरली तरी महिन्याला 1,800 गोळ्या हव्यात. मागणी गेली होती सहाशेची. का? कारण मागणी ठरते मागच्या खर्चावरून. मागच्या महिन्यांत साठाच नव्हता म्हणून खर्च कमी दिसला, खर्च कमी दिसला म्हणून मागणी कमी गेली, मागणी कमी म्हणून पुन्हा साठा कमी. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, गावात बीपीचे पेशंट कमी झाले.

उपाय साधा निघाला. पेशंटच्या संख्येवरून मागणी करायची आणि ती संख्या मागणीपत्रातच लिहायची. सीएचओ मॅडमना हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही, पण वर बोलायला त्यांना समितीच्या ठरावाचा कागद हवा होता. ठराव केला, पीएचसीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दिला. दोन महिने लागले. मग तात्यांना तीस दिवसांच्या गोळ्या मिळायला लागल्या. त्यांनी पहिल्यांदा तीस गोळ्या बघून "चुकून जास्त दिल्या का?" असं विचारलं होतं.

तुम्ही काय मागायचं? केंद्राच्या यादीप्रमाणे उपकेंद्राच्या आरोग्य मंदिरात 105 औषधं आणि 14 तपासण्या, पीएचसीत 172 औषधं आणि 63 तपासण्या मिळायला हव्यात. पहिल्याच दिवशी 105 औषधांची यादी घेऊन भांडायला जाऊ नका. दहा औषधं निवडा. माझी यादी अशी होती: बीपीच्या अम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन, शुगरची मेटफॉर्मिन, लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळ्या, ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल, अमॉक्सिसिलिन, कॅल्शियम, जंतनाशक अल्बेंडाझोल. दर महिन्याच्या एका ठरल्या तारखेला या दहांची शिल्लक वहीत लिहा. तीन महिन्यांत कुठलं औषध कधी संपतं ते डोळ्यांसमोर येतं. 'औषधं मिळत नाहीत' असं सभेत ओरडण्यापेक्षा 'मेटफॉर्मिन 12 तारखेला संपली ती पुढच्या 9 तारखेपर्यंत नव्हती' हे वाक्य तालुक्याच्या बैठकीत फार जड पडतं.

पीएचसीला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या निधीतून अडीनडीला स्थानिक पातळीवर औषध खरेदी करता येते. त्या समितीत तुमच्या भागातला कोण आहे ते शोधा. बऱ्याचदा त्या माणसालाही ठाऊक नसतं.

एवढा जीव गोळ्यांवर का? 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला 39.4 टक्के भाग लोकांनी थेट आपल्या खिशातून केला. हा खर्च फक्त ऑपरेशनचा नसतो. महिन्याच्या महिन्याला मेडिकलच्या काउंटरवर ठेवल्या जाणाऱ्या नोटाही त्यात आहेत, आणि त्यांना कुठलंच कार्ड लागू होत नाही.

पायरी 4: आशाताईंबरोबर एक चक्कर

साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा. कामागणिक मोबदला, आणि त्यावर राज्याचा ठरावीक मोबदला, तोही संप-आंदोलनं करून वाढवून घेतलेला. गावातल्या साक्षर-निरक्षर बायकांना शिकवून त्यांच्याच हाती आरोग्य द्यायचं, हा प्रयोग नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं तिथून वाढला. आणि आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, अंग गार पडलंय का बघते, त्याची मुळं गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामात आहेत. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन बालमृत्यू कमी होतात हे त्यांनी 1999 साली जगापुढे मांडलं. दिल्लीहून आलेली योजना म्हणून आपण जिच्याकडे बघतो तिच्यातलं अर्धं महाराष्ट्राच्या मातीतलं आहे, हे प्रशिक्षणात कुणी सांगत नाही म्हणून सांगितलं.

प्रत्यक्ष काम एवढंच करा. दोन महिन्यांपूर्वी बाळंत झालेल्या तीन घरी जा. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी द्यायच्या असतात. "आशाताई किती वेळा आल्या? बाळाला झोळीत घालून काट्यावर तोललं का?" एवढं विचारा. काटा बिघडलेला, थर्मामीटरचा सेल गेलेला, हे इथेच कळतं. सेल आपल्या निधीतून आणता येतो.

तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्मही आशाताई भरते. त्यावरून बीपी, मधुमेह, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी ठरते. पुरुष मंडळी हा फॉर्म भरायला टाळाटाळ करतात, 'मला काय धाड भरलीय' म्हणतात. तंबाखू खाणारे तर हमखास. समितीतल्या पुरुष सदस्यांनी आधी स्वतःचा फॉर्म भरून घ्यावा, मग पारावर बोलावं.

पायरी 5: कार्डांचा गुंता सोडवा

गावात तीन गोष्टींची सरमिसळ असते. आभा म्हणजे 14 आकडी आरोग्य खातं. त्यात तुमच्या आजारपणाचे कागद डिजिटल जोडले जातात. त्याने एक रुपयाचाही उपचार फुकट होत नाही. आयुष्मान कार्ड म्हणजे कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, भरती होऊन घ्यायच्या उपचारांचं संरक्षण. आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही महाराष्ट्राची आपली. 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, 2017 मध्ये नाव बदललं. आता दोन्ही योजना एकत्र चालतात आणि 1 जुलै 2024 पासून रेशनकार्ड पिवळं, केशरी की पांढरं हा भेद उरलेला नाही. 'आमचं पांढरं आहे, आम्हाला नाही मिळत' असं म्हणणाऱ्या मास्तरांना आणि बँकवाल्यांना हे मुद्दाम सांगा. 70 वर्षांवरच्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता वेगळं वय वंदना कार्ड निघतं.

लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच. योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच लाभ मिळतो. उपचारांची ठरलेली यादी आहे आणि काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. नुसती ओपीडी त्यात नाही. रुग्णालयात शिरल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल शोधायचं, पैसे भरायच्या खिडकीकडे नंतर. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आजच दुरुस्त करायचं, कारण आयसीयूबाहेर उभं राहून 'सुमन' आणि 'सुमनबाई' यांचा वाद मिटवता येत नाही. आमच्या नात्यात असंच झालं. नाव जुळेना म्हणून दीड दिवस गेला आणि अनामत भरावी लागली. योजनेची हेल्पलाइन 1800 233 2200 तेव्हा आमच्या कुणाच्या फोनमध्ये नव्हती. आता आहे.

सरकारी दवाखान्याला मात्र कार्ड लागत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत केस पेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत आहे. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्यात येत नाहीत. गरोदर बाई आणि वर्षाच्या आतलं आजारी बाळ यांना नेण्या-आणण्याची गाडी 102 वर, अपघात आणि इतर तातडीला 108.

पायरी 6: पावसाळ्याआधी रात्रीची तयारी

जून लागायच्या आत पीएचसीत जाऊन एकच प्रश्न विचारा: सर्पदंशावरचं विष उतरवणारं इंजेक्शन (प्रतिविष) आहे का, किती कुप्या, आणि रात्री कोण असतं? उत्तर वहीत. साप चावल्यावर मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही, हे अंगणवाडीच्या सभेत सांगून ठेवा. विंचवाचंही तसंच. महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या गोळीने विंचूदंशाचे मृत्यू कसे टळतात ते दाखवून दिलं. ती गोळी जवळच्या केंद्रात असणं महत्त्वाचं. 108 ला फोन केला की पत्ता सांगताना लोक गडबडतात. गावाच्या फाट्यापासून ओळखीच्या खुणा सांगायची सवय पोरांना लावा.

पायरी 7: दहा हजार रुपये

समितीला महसुली गावामागे वर्षाला 10,000 रुपयांचा अबंधित निधी असतो. अबंधित म्हणजे गावाच्या आरोग्याच्या गरजेप्रमाणे समितीने ठरवून खर्च करायचा. खातं संयुक्त सह्यांचं असतं. आपल्या गावात सह्या कुणाकुणाच्या आहेत आणि त्यातलं कुणी बदलून तर गेलं नाही ना, हे आधी बघा. आमच्या खात्यावर जुन्या सरपंचांची सही तशीच होती आणि पैसे सव्वा वर्ष पडून राहिले. खर्च झाला नाही, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्चले याचा दाखला) गेलं नाही, की पुढचे पैसे अडतात.

कशावर खर्च करायचा याचे वाद होतील. सतरंज्या, खुर्च्या, स्वागताचे हार यांवर अजिबात नाही. आम्ही केलेले खर्च: उपकेंद्राच्या बाहेर सावलीसाठी पत्रा, बीपी मशीनची दुरुस्ती, पाण्याची टाकी साफ करणं, डबक्यांत गप्पी मासे सोडणं, आणि एका एकट्या म्हातारीला तालुक्याला नेण्याचं गाडीभाडं. शेवटच्या खर्चावर आक्षेप आला होता. अगदी गरीब, निराधार माणसाच्या उपचाराच्या गरजेला अपवाद म्हणून खर्च करता येतो, फक्त तसा ठराव लिहिलेला हवा.

अडलं तर

तोंडी सांगून झालं नाही तर पीएचसीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी, पोच घेऊन. पंधरा दिवसांनी तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी. कागद हवा असेल तर माहिती अधिकार, 30 दिवसांत उत्तर. ग्रामसभेत विषय घ्यायचा तर विषयपत्रिका निघायच्या आधी ग्रामसेवकाला लिहून द्या, ऐनवेळच्या विषयांत घातलेला विषय चहाबरोबर संपतो.

महाराष्ट्रात 2007 पासून लोकआधारित देखरेख नावाची प्रक्रिया अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांतून सुरू झाली. गावकरी स्वतः आपल्या दवाखान्याला गुण देत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर लोक उठून बोलत. तुमच्या तालुक्यात अशी सुनावणी होत असेल तर जरूर जा. होत नसेल तर तिचा साचा उचला: पाच प्रश्न, गावातली वीस घरं, आणि उत्तरांचा तक्ता. बोलताना एक पथ्य पाळा. सेविकेचा पाणउतारा लोकांसमोर करू नका. जागा रिकामी असणं, औषध न येणं हे तिच्या हातात नसतं, आणि उद्या रात्री दोन वाजता बाळंतपणाला तीच उठून येणार असते.

एक शेवटचं काम पहिल्या महिन्यातच उरका. उपकेंद्राच्या भिंतीवर 108, 102, पीएचसीचा, सेविकेचा आणि आशाताईंचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. फ्लेक्स नको, एका पावसाळ्यात फाटतो. ऑइलपेंटने लिहा. सेविका आणि सीएचओ यांच्या नावापुढे मात्र नंबर पेंटने न लिहिता फळ्यासारखी काळी पट्टी सोडा आणि नंबर खडूने लिहा, कारण त्यांची बदली होते. आमच्या भिंतीवर अजून तीन बदल्यांपूर्वीच्या नर्सबाईंचा नंबर पक्क्या निळ्या रंगात आहे, आणि त्या बिचाऱ्या दुसऱ्या तालुक्यातून आजही फोन उचलून नवा नंबर देतात.